५०० टी-शर्ट छापू का?

वाचकाचं पत्र: मी सातारा जिल्ह्यात राहतो. गडकिल्ल्यांच्या भटकंतीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. ४२ हजार सबस्क्रायबर झालेत, चॅनल मॉनेटाइज आहे. गेल्या पावसाळ्यापासून कमेंटमध्ये सारखं येतं, ‘दादा, चॅनलचा टी-शर्ट काढा.’ एका छपाईवाल्याने १०० नगांना प्रत्येकी २२० रुपये आणि ५०० नगांना प्रत्येकी १९५ रुपये भाव दिलाय. माझ्याकडे ६० हजार आहेत, उरलेले मावसभाऊ द्यायला तयार आहे. शर्टावर पुढे चॅनलचं नाव आणि पाठीवर मोठं राजगडाचं चित्र, त्याखाली राजमुद्रा असा विचार आहे. ५०० छापून टाकू का? यूट्यूबवरूनच विकता येतात का? जीएसटी लागेल का? आणि लोक कॅश ऑन डिलिव्हरी मागतात, ती द्यावी का?

प्रिय मित्रा,

५०० छापू नका. मावसभावाचे पैसे तर अजिबात घेऊ नका. तुमचा शर्ट विकला जाणार नाही असं आम्हाला म्हणायचं नाही. किती जण खरोखर पैसे मोजतील हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि छपाईवाल्यालाही नाही, एवढंच. ‘टी-शर्ट काढा’ ही कमेंट लिहायला काही लागत नाही. ५४९ रुपये भरताना माणूस माप बघतो, कापड बघतो, घरात आधीच किती टी-शर्ट पडलेत ते आठवतो. म्हणून मागणी मोजायची तर ती जमा झालेल्या पैशांतच मोजायची.

आधी हिशेब मांडू. किंमत ५४९ धरू, घरपोच. त्यातून ५ टक्के जीएसटीचे २६ रुपये जातात. पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या सेवेचं) २ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी मिळून १३ रुपये. पाठवणी सरासरी ७५, पिशवी-लेबल-कार्ड १५. हातात उरतात ४२० रुपये, आणि त्यातून शर्टाची किंमत भागवायची. (नोंदणी केलीत तर खरेदीवर भरलेला जीएसटी वजा मिळतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा बरा निघेल. पण हिशेब करताना हात आखडता ठेवावा.)

५०० नगांचे ९७,५०० रुपये झाले. ते वसूल व्हायला २३३ शर्ट विकले जायला हवेत, तोवर नफा शून्य. १०० नगांचे २२,००० म्हणजे ५३वा शर्ट गेला की मुद्दल सुटलं, आणि सगळे गेले तर २० हजार हातात. नगामागे वाचणाऱ्या २५ रुपयांच्या मोहात साडेसत्त्याण्णव हजार अडकवायचे का, हा प्रश्न मग उरत नाही. शिवाय शर्टांना मापं असतात. ५०० पैकी १५० उरले तर ते सगळ्या मापांचे उरत नाहीत. एल आणि एक्सएल आधीच संपतात, एस आणि डबल एक्सएलचे गठ्ठे माळ्यावर राहतात. वर कमेंटमध्ये ‘एल कधी येणार?’ हे चालूच.

तिसरा मार्ग आहे ऑर्डरनुसार एकेक शर्ट छापून घेण्याचा, म्हणजे प्रिंट ऑन डिमांड. क्विकिंक, प्रिंटरोव्ह अशा भारतीय सेवा हे काम करतात. ऑर्डर आली की ते छापतात, तुमच्या नावाने पाकीट करतात आणि थेट ग्राहकाला पाठवतात. समजा शर्ट आणि पाठवणी मिळून त्यांनी ४१० रुपये लावले, तर ५४९ मध्ये तुम्हाला १०० रुपये सुटतात. लॉटमधला शर्ट २०० देतो, हा १०० देतो, म्हणून बरेच जण याच्याकडे पाठ फिरवतात. पण १०० चा लॉट घेऊन ६० च विकले गेले तर? ६० गुणिले ४२० म्हणजे २५,२००, त्यातून २२ हजार वजा, उरले ३,२०० रुपये आणि घरात ४० शर्ट. तेच ६० शर्ट ऑर्डरनुसार छापले असते तर ६ हजार रुपये आणि घरात काहीच नाही. या भावांना तोलबिंदू साधारण ७० वर येतो. ७० पेक्षा कमी विक्री असेल तर ऑर्डरनुसार छपाई फायद्याची, जास्त असेल तर लॉट. तुमचे भाव वेगळे असतील तर आकडा सरकेल, पण तो काढल्याशिवाय छपाईवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

आता करायचं काय? आगाऊ बुकिंग. आधी तीन-चार नमुने छापून घ्या, ते अंगात घालून व्हिडिओ करा आणि ८ ते १० दिवस बुकिंगची खिडकी उघडी ठेवा. बुकिंग अमुक तारखेला बंद, छपाई अमुक दिवस, अमुक तारखेपर्यंत पाकीट पोस्टात, हे तिन्ही व्हिडिओत बोला आणि विक्रीच्या पानावरही लिहा. पूर्ण पैसे आगाऊ घ्या. ‘आत्ता नाव नोंदवा, पैसे नंतर’ या यादीतून काहीच कळत नाही. खिडकी बंद झाली की मापांची बेरीज तुमच्या हातात असेल. ७०-८० च्या वर आकडा गेला तर बरोबर त्याच मापांचा लॉट छापा, वर एम, एल आणि एक्सएलचे मिळून पाच-सात नग बदलीसाठी जादा घ्या. ३०-४० वर अडकला तर ऑर्डरनुसार छापून पाठवा. दहाच आले तर पैसे परत करा आणि तसं स्पष्ट सांगा. बहुतेक गेटवे पैसे परत केले तरी आपलं शुल्क परत देत नाहीत, ते सव्वाशे-दीडशे रुपये तुमच्या अंगावर बसतील. पण एवढ्यात मागणी कळली, हे स्वस्तच.

पैसे स्वतःच्या खासगी यूपीआय नंबरवर स्क्रीनशॉट मागवून घेऊ नका. खोटे स्क्रीनशॉट येतात. खरे आलेलेही कुणाचं माप कोणतं, पत्ता कोणता यात हरवतात. गेटवेची पेमेंट लिंक घ्या, म्हणजे पैसे, नाव, माप आणि पत्ता एकाच नोंदीत राहतात. गेटवेवाले केवायसीच्या वेळी तुमच्या पानावर संपर्क, पाठवणी, परतावा आणि अटी असे मजकूर आहेत का ते बघतात. हे नसलं की अर्ज अडतो, आणि नेमका व्हिडिओ टाकायच्या आदल्या दिवशी हे लक्षात येतं. दोन-तीन आठवडे आधी लागा. पत्त्याच्या रकान्यात गाव, तालुका, पिनकोड वेगवेगळे मागा. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्यावर पाकीट पोचत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीचं उत्तर हिशेबातच आहे. १०० पाकिटं रोखीवर पाठवली आणि त्यातली २५ परत आली असं धरू. घेतलेल्या ७५ वर गेटवेचे १३ वाचतात, पण रोख वसुलीचं शुल्क प्रत्येकी ३५ लागतं, त्यामुळे शर्टामागे २०० ऐवजी उरतात १७८, एकूण १३,३५०. परतलेल्या २५ चा जातानाचा खर्च ७५, येतानाचा ६० आणि पाकिटाचे १५ असे प्रत्येकी १५० प्रमाणे ३,७५० गेले. राहिले ९,६००. आगाऊ पैसे घेऊन ७५ च विकले असते तरी १५ हजार मिळाले असते. आणि ते परत आलेले २५ शर्ट चुरगळून, मळून येतात, नवे म्हणून पाठवण्यासारखे राहत नाहीत. मोठ्या कंपन्यांना हे परवडतं, तुम्हाला नाही. तुमचा प्रेक्षक तुम्हाला ओळखतो, तुमचा चेहरा दर आठवड्याला बघतो. तो यूपीआयने पैसे भरेल. ज्याला अजिबात विश्वास नाही, त्याचं पाकीट परत येण्याची शक्यताही तेवढीच जास्त.

आता चित्राकडे येऊ, कारण पत्रात आम्हाला सर्वांत जास्त काळजी राजमुद्रेची वाटली. बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराला आळा घालणारा १९५० चा केंद्राचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये त्यांचा वापर करता येत नाही. बाजारात असे शर्ट ढिगाने दिसतात हे खरं, पण दुसरा विकतो हा बचाव होत नाही. राजमुद्रेबाबत तर कायद्याच्या आधी तुमचा प्रेक्षकच उभा राहील. घामाने भिजणाऱ्या, धुणं म्हणून आपटल्या जाणाऱ्या कपड्यावर मुद्रा छापलेली अनेकांना सहन होत नाही, आणि त्यांचं म्हणणं आम्हाला पटतं. गडावर प्रेम असणाऱ्यांना मुद्रेशिवायही शर्ट आवडेल.

राजगड घ्या, पण तो तुमचा हवा. बालेकिल्ला, सुवेळा माची, संजीवनी माची यांची बाह्यरेषा स्वतः काढा किंवा चित्रकाराकडून काढून घ्या. चित्रकाराला पैसे देताना कागदावर लिहून घ्या की हे चित्र कपडे आणि इतर वस्तूंवर छापून विकण्याचे हक्क तुम्हाला दिले. नुसते पैसे दिले म्हणून हक्क आपोआप येतातच असं नाही. इंटरनेटवरचा फोटो उचलून त्याची रेषा काढली तरी मूळ फोटोवाल्याचा हक्क शिल्लक राहतो. तुमच्या स्वतःच्या व्हिडिओतली चौकट घ्या, तिथे वाद नाही. २०२५ च्या जुलैत राजगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे युनेस्कोचं चिन्ह टाकायचा मोह होईल. तेही परवानगीशिवाय वापरता येत नाही. फॉन्टचंही बघा. एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बालू, मोदक हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत, ते व्यापारी कामासाठी विनामूल्य चालतात.

फॉन्ट ठरला की मजकूर तसाच छपाईवाल्याला पाठवू नका. त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल किंवा सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं फुटतात, रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो, ‘दुर्ग’चा ‘दुगर्’ होतो, ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते. छपाईवाला मराठी असला तरी रात्री शंभर शर्ट काढताना त्याच्या ते नजरेत येईलच असं नाही. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ किंवा इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ करून अक्षरांचं चित्र करा आणि मगच फाइल द्या. पारदर्शक पीएनजी द्यायची असेल तर छपाईच्या खऱ्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवी, म्हणजे १२ बाय १६ इंचांच्या चित्राला ३,६०० बाय ४,८०० पिक्सेल. व्हिडिओच्या थंबनेलमधून कापलेला लोगो इथे चालत नाही, कडा दातेरी दिसतात. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेषा टाळा, दोन-चार धुण्यांत त्या तुटतात.

पाठीवर मोठं चित्र ही कल्पनाही सोडा. तुमचे प्रेक्षक ट्रेकला जाणारे आहेत. पाठीवर सॅक असते. चित्र दिसत नाही, आणि सॅकच्या घर्षणाने तेच आधी जातं. छातीवर मध्यम आकाराची रेषाकृती आणि बाहीवर छोटं नाव ठेवा. फोटोत आणि तुमच्या व्हिडिओत दिसणारी जागाही तीच.

छपाईचा प्रकार नगांवर आणि रंगांवर ठरतो. एक-दोन रंगांची रेषाकृती आणि ५० च्या वर नग असतील तर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापणं, सर्वांत टिकाऊ आणि स्वस्त. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून १०-२० नगांना ते महाग पडतं. थोडे नग किंवा बरेच रंग असतील तर डीटीएफ, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं. डीटीएफमध्ये मोठा भरीव चौकोन टाळा. तो भाग प्लास्टिकसारखा लागतो, त्यातून हवा जात नाही आणि चढणीवर छातीला घाम धरतो. तुटक रेषांचं चित्र असेल तर हा त्रास होत नाही. सबलिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग धाग्यातच मुरवणं, फक्त पॉलिस्टरवर आणि फिकट रंगावरच बसतं, काळ्या कॉटनवर कुणी ‘सबलिमेशन करून देतो’ म्हणाला तर दुसरा छपाईवाला बघा.

कापड कॉटन की पॉलिस्टर, हे प्रेक्षकांना प्रामाणिकपणे सांगून ठरवा. १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं) कोम्ब्ड, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेलं, आणि बायोवॉश, म्हणजे एन्झाइमने धुऊन मऊ केलेलं कॉटन रोज घालायला छान, पण ट्रेकमध्ये ते घाम पितं, वाळत नाही आणि वर वारा लागला की अंग गार पडतं. पावसाळी ट्रेकसाठी १४० ते १६० जीएसएमचं पटकन वाळणारं पॉलिस्टर बरं. कॉटनच काढलंत तर ‘ट्रेकिंग टी-शर्ट’ असं नाव देऊ नका. पहिल्या वेळी एकच कापड, एकच चित्र आणि फार तर दोन रंग ठेवा. पाच मापं गुणिले दोन रंग म्हणजेच दहा प्रकार झाले. त्यात पूर्ण बाही, हुडी, लहान मुलांची मापं घातलीत की कुठला ढीग कुणाचा हे शोधण्यातच तुमचा रविवार जाईल.

नमुना हातात आला की त्याचा छळ करा. धुण्याआधी लांबी-रुंदी मोजून ठेवा, पाच वेळा धुवा, उन्हात वाळवा, पुन्हा मोजा. आधी आकसवून न घेतलेलं कॉटन लांबीत ५ टक्के गेलं तर २८ इंचांचा शर्ट जवळजवळ दीड इंचाने आखूड होतो, आणि तेव्हा ‘माप चुकलं’ ही तक्रार खरीच असते. छपाईचा भाग दोन्ही हातांनी ताणून बघा. स्क्रीनची शाई भट्टीत पुरती पक्की झाली नसेल तर ताणल्यावर तडे जातात. हा दोष नमुन्यात सापडला तर छपाईवाला सुधारतो, लॉटमध्ये सापडला तर शंभर शर्ट तुमचे. पांढरा रुमाल ओला करून गडद कापडावर घासा, रंग उतरला तर तो तागा नको.

सर्वांत जास्त तक्रारी मात्र छपाईच्या नसतात, मापाच्या असतात. ‘एल’ म्हणजे काय हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यातही कुणी अंगाचं माप लिहितं, कुणी शर्टाचं. ४० छातीच्या माणसाला ४२ घेराचा शर्ट सैलसर बसतो, ४० घेराचा अंगाला चिकटतो. पानावर अक्षरांबरोबर शर्टाचा घेर आणि लांबी इंचांत द्या आणि मोजायची रीत व्हिडिओत दाखवा: घरातला नीट बसणारा शर्ट सपाट पसरायचा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं, दुप्पट करायचं. तो आकडा तक्त्यात शोधायचा. याला वीस सेकंद लागतात, पण मापाचे बरेचसे घोळ इथेच मिटतात. शर्ट एकट्या तुमच्याच अंगावर दाखवू नका. एक सडपातळ मित्र, एक अंगाने भरलेला आणि एखादी मैत्रीण किंवा बहीण असे उभे करा, कुणी कोणतं माप घातलंय ते पडद्यावर लिहा. मापाची बदली एकदा मोफत देणार की पाठवणी ग्राहकाने भरायची, हे आधीच जाहीर करा. मोफत देणार असाल तर तो खर्च किंमतीत धरा.

यूट्यूबच्या दुकानाबद्दल. तुमचं चॅनल मॉनेटाइज आहे, म्हणजे यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये आहे, त्यामुळे स्वतःच्या वस्तू दाखवण्याची सोय तुम्हाला मिळायला हवी. चॅनल ‘लहान मुलांसाठी’ म्हणून नोंदलेलं नसावं आणि नियमभंगाची स्ट्राइक नसावी. यूट्यूब स्टुडिओत ‘अर्न’ विभागात ‘शॉपिंग’ बघा. तिथे दुकान जोडायचा पर्याय आणि भारतात कोणती दुकानं जोडता येतात त्यांची यादी दिसेल. नीट समजून घ्या, यूट्यूब तुमचा माल ठेवत नाही, पाठवत नाही. दुकान शॉपिफायसारख्या, ऑनलाइन दुकान भाड्याने देणाऱ्या दुसऱ्याच ठिकाणी असतं, यूट्यूब फक्त त्यातल्या वस्तू व्हिडिओखाली, चॅनलच्या पानावर आणि लाइव्हमध्ये पिन करून दाखवतं. वस्तू आधी तपासल्या जातात, त्यात काही दिवस जातात. फ्लिपकार्ट, मिंत्राच्या वस्तू सुचवून कमिशन मिळवण्याची यूट्यूबची योजना वेगळी आहे, त्याच्याशी तुमच्या शर्टाचा संबंध नाही.

पहिल्या बुकिंगला हे सगळं जोडलंच पाहिजे असं नाही. दर महिन्याला भाडं लागणारं दुकान एका शर्टासाठी उघडणं आम्हाला घाईचं वाटतं. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये विक्रीच्या पानाची लिंक पुरेल. वर्णनातल्या बाहेरच्या लिंक दाबता याव्यात यासाठी चॅनलला प्रगत सुविधांची परवानगी लागते, ती आधी तपासा. शॉर्ट्सच्या वर्णनातली आणि कमेंटमधली लिंक २०२३ च्या ऑगस्टअखेरपासून दाबता येत नाही. शॉर्टमधून लोकांना मोठ्या व्हिडिओकडे न्या, त्यासाठी संबंधित व्हिडिओ जोडायची सोय आहे, आणि तिथून पानाकडे.

व्हिडिओत बोलायचं कधी? पहिल्या मिनिटात नाही. तुमचा प्रेक्षक गड बघायला आलाय. शर्ट अंगात असू द्या, आणि एखाद्या टाक्यापाशी किंवा माचीवर विसावा घेताना ३०-४० सेकंदांत सांगा: काय आहे, किती रुपये, कधीपर्यंत, लिंक कुठे. स्टुडिओतल्या आलेखात त्या जागी प्रेक्षक गळताना दिसले तर पुढच्या वेळी आणखी आखडतं घ्या. खिडकी बंद होण्याच्या दोन दिवस आधी एक पोस्ट आणि शेवटच्या संध्याकाळी एक छोटं लाइव्ह घ्या, त्यात मापांचे प्रश्न सोडवा. ‘फक्त पाच उरले’ असं खोटं बोलू नका. खोटी घाई दाखवणं हे २०२३ पासून ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित व्यवहारांत मोडतं. आणि एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. विक्री सुरू झाली की तुमचा फोटो आणि नाव लावलेली बनावट खाती कमेंटखाली ‘ऑर्डरसाठी या नंबरवर व्हॉट्सॲप करा’ असं लिहितात. म्हणून व्हिडिओत तोंडाने सांगा की लिंक फक्त वर्णनात आहे, आम्ही कमेंटमधून नंबर देत नाही. लिंक असलेल्या कमेंट तपासणीसाठी रोखून ठेवायची सोयही सुरू करा.

जीएसटी. नुसत्या वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही हे तुम्ही ऐकलं असेल. तुमच्या बाबतीत दोन अडचणी आहेत. यूट्यूबच्या जाहिरातींचं उत्पन्न ही सेवा आहे, आणि वस्तूंबरोबर सेवाही असेल तर मर्यादा २० लाखांची धरावी लागते. ते उत्पन्न परदेशातून आलं तरी एकूण उलाढालीत मोजलं जातं. दुसरी अडचण मोठी: स्वतःच्या दुकानातून वस्तू दुसऱ्या राज्यात विकली तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी सक्तीची आहे. तुमचा शर्ट पणजीला, बेळगावला, इंदूरला, बडोद्याला जाणारच. ऑर्डरनुसार छापून घेतलं तरी ग्राहकाला विकणारे तुम्हीच, त्यामुळे तिथेही सुटका नाही. पर्याय दोनच, पहिलं बुकिंग फक्त महाराष्ट्रापुरतं ठेवा किंवा नोंदणी करा. नोंदणीला सरकारी शुल्क नाही. पॅन, आधार, बँक खातं, राहत्या घराचं वीजबिल आणि घर वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र लागतं. छोट्या व्यवसायाला तिमाही विवरणपत्राची सोय आहे, पण विक्री शून्य असली तरी विवरण भरावंच लागतं, नाहीतर विलंब शुल्क चढतं. नोंदणी झाली की यूट्यूबचं उत्पन्नही सेवा निर्यात म्हणून दाखवायचं आणि कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र दर आर्थिक वर्षी द्यायचं, हे लोक विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के दर आहे. सीएला एकदाच भेटा आणि यूट्यूबचे बँक तपशील बरोबर न्या, निव्वळ टी-शर्टाबद्दल विचारलंत तर उत्तर अर्धवट मिळेल.

ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पानावर तुमचं नाव, पत्ता, संपर्क, परताव्याच्या अटी आणि तक्रार कुणाकडे करायची हे असायला हवं. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल. पानावर दाखवायची किंमत सर्व करांसह असावी. शेवटी ‘जीएसटी वेगळा’ असं करू नका. चॅनलच्या नावाचा ट्रेडमार्क कपड्यांच्या २५व्या वर्गात घ्यायला वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन ४,५०० रुपये लागतात. तो खर्च दुसऱ्या बुकिंगच्या नफ्यातून करा.

पाठवणीसाठी आधी डाकघरात जाऊन या. तुमचे बरेच प्रेक्षक खेड्यांत असणार, आणि जिथे खासगी कुरिअर ‘सेवा नाही’ म्हणतं तिथे स्पीड पोस्ट जातं. १८० जीएसएमचा एल शर्ट साधारण २०० ग्रॅमचा, पाकिटासह २३०-२४० होतो. पोस्टाचे दर वजनाच्या टप्प्यांनुसार बदलतात, त्यामुळे जाड पुठ्ठ्याचं कार्ड आणि दोन स्टिकर टाकलेत की एक्सएलचं पाकीट पुढच्या दरात जाऊ शकतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि प्रत्येक मापाचं भरलेलं पाकीट मोजा. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि जो आकडा मोठा त्याचे पैसे लावतात. उद्या चॅनलचे कपही विकावेसे वाटले तर बघा: १५ सेंटीमीटरच्या चौकोनी खोक्यातला कप प्रत्यक्षात ४०० ग्रॅमचा असला तरी पैसे ६७५ ग्रॅमचे लागतात, वर फुटण्याची भीती. कप सध्या नकोतच.

तारखा उलट्या मोजा. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक दिनाला लोकांच्या अंगात शर्ट हवा असेल तर २२ मेपर्यंत शेवटचं पाकीट निघायला हवं, छपाईला १२ दिवस, म्हणजे बुकिंग ८ मेच्या आसपास बंद आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू. नमुने धुऊन बघायला त्याआधीचे तीन आठवडे. अमेरिका-युरोपातल्या मराठी प्रेक्षकांच्या मागण्या येतील, त्यांना इथून पाकीट पाठवणं शर्टापेक्षा महाग पडतं. त्यांच्यासाठी तिथेच छापून देणारी सेवा नंतर जोडता येईल, पहिल्या बुकिंगच्या पानावर ‘फक्त भारतात’ (जीएसटी नोंदणी नसेल तर ‘फक्त महाराष्ट्रात’) असं लिहा. छपाईवाल्याला मात्र आजच फोन करा आणि ५०, १०० आणि २०० नगांचे भाव, स्क्रीनचा खर्च वेगळा की धरून, आणि खराब निघालेले नग बदलून देणार का, हे तिन्ही लेखी मागा.